भावाला द्यायचा निरोप

ताईला सगळे ताईच म्हणत. धाकटा भाऊ म्हणायचा म्हणून घरात सगळे म्हणायला लागले, आणि पुढे ती एका संशोधन संस्थेत स्वतःची प्रयोगशाळा चालवायला लागली तेव्हा तिथेही तेच नाव तिच्या मागोमाग येऊन पोचलं. तिचं काम मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींवर होतं. पेशीच्या बाहेरून आलेला निरोप आत जनुकांपर्यंत कसा जातो, आणि त्यामुळे कोणती जनुकं जागी होतात, या एकाच प्रश्नात तिचं जवळजवळ सगळं आयुष्य गेलं होतं. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच नाही, असं ती सांगायची. भाऊ म्हणायचा, विचारलं होतं, पण ही तेव्हा मायक्रोस्कोपात डोकं घालून बसली होती.

भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. लहानपणी काडीसारखा बारीक होता म्हणून त्याला चिमण म्हणत. पुढे पन्नाशी ओलांडली, पोट सुटलं, लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना धापा टाकायला लागला, तरी नाव चिमणच राहिलं. त्याच्या बायकोचं कपडे उसवून-शिवून बेतशीर करून देण्याचं छोटं दुकान होतं. एकुलती मुलगी तिशीला टेकली होती आणि चष्म्यांच्या दुकानात डोळे तपासायची. आईवडील कधीच गेले होते. वडील तर चाळिशीतच गेले, 'पोटाच्या आजाराने'. तेव्हा एवढंच सांगायची पद्धत होती आणि एवढंच विचारायची.

ताईने स्वतःची तपासणी करून घेतली ती कर्तव्य म्हणून. आयुष्यभर याच रोगावर बोलायचं आणि स्वतः आतड्यात नळी घालून तपासून घ्यायला घाबरायचं, हे तिला बरं दिसेना. तपासणीत एक गाठोळं, म्हणजे पॉलिप, निघालं, आतड्याच्या आतल्या बाजूला, अळंबीसारखं देठावर उभं असलेलं. कॅन्सर नव्हता, पण त्या वाटेवर बराच पुढे गेलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते तिथल्या तिथे कापून काढलं.

गुंगी उतरता उतरता ताईने पहिलं काय विचारलं असेल, तर त्या गाठोळ्याचा उरलेला तुकडा प्रयोगशाळेला मिळेल का. ती ज्या बिघाडाचा इतकी वर्षं अभ्यास करत होती तो नेमका अशाच गाठोळ्यात सुरू होतो. आपल्याच पोटात तो निघावा याची तिला गंमत वाटली होती. डॉक्टरीणबाई हसल्या. तुकडा सगळा तपासायला जातो, उरत काही नाही, म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, भावंडं आहेत का. एक भाऊ आहे, ताई म्हणाली. वडील त्या वयात पोटाच्या आजाराने गेलेले, आता तुमच्याकडे हे निघालं, तेव्हा भावाला याच वर्षी तपासून घ्यायला सांगा, पुढे ढकलू देऊ नका, असं त्यांनी बजावलं. ताई म्हणाली, आज संध्याकाळीच सांगते.

त्या संध्याकाळी चिमणचाच फोन आला. कुठल्याशा जुन्या इमारतीत एक जाडजूड गृहस्थ स्वतःच्या कपाटासकट लिफ्टमध्ये अडकले होते आणि बाहेर काढेपर्यंत त्यांनी कपाटाच्या आत बसून घेतलं होतं, लोकांनी बघू नये म्हणून. चिमणने ते इतकं रंगवून सांगितलं की हसून हसून ताईचं पोट दुखायला लागलं. एवढ्या छान फोनमध्ये नळी आणि गाठोळं कशाला, रविवारी भेटू तेव्हा बोलू, असं तिने ठरवलं. रविवारी भाची घरी मैत्रिणींना घेऊन आली होती. पुढच्या आठवड्यात एका शोधनिबंधावर परीक्षकांचे शेरे आले, आणि ताई त्यात बुडाली ती बुडालीच.

पण नुसता विसर पडला असं म्हणणं खरं नव्हतं. ताईला ते माहीत होतं. घरात ती कॅन्सरवरची जाणकार होती. कोणाच्या सासूला, कोणाच्या शेजाऱ्याला काही झालं की फोन तिला येई. आपल्यालाही त्यातलं थोडं निघालं, हे सांगायची तिला लाज वाटली होती, स्वयंपाकात नाव असलेल्या बाईचं दूध उतू जावं तशी. भावाला सांगायचं तर आधी स्वतःचं सांगावं लागलं असतं. ते आज नको, असं करत करत दिवस गेले, आणि मग ते खरोखरच डोक्यातून निघून गेलं.

तीनएक वर्षांनी एका दुपारी चिमणचा फोन आला. ती प्रयोगशाळेच्या बाहेर हातमोजे काढत होती.

"ताई, तुझ्या खात्यातलं काहीतरी निघालंय माझ्यात," तो म्हणाला.

त्याला बरेच दिवस दम लागत होता. वजन वाढलंय, वय झालंय, असं म्हणून त्याने चालवून घेतलं. एकदा गच्चीवरच्या मशीनच्या खोलीपर्यंत चढून गेला आणि तिथेच खाली बसला. रक्त तपासलं तर अंगात रक्तच नव्हतं. मग नळी घातली, आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला चांगली मुठीएवढी गाठ दिसली.

ताई हातमोजे काढत होती ते तसेच अर्धे राहिले. त्या क्षणी तिला डॉक्टरीणबाईंचा चेहरा आठवला, त्यांचे शब्द आठवले, आणि आपण काय उत्तर दिलं होतं तेही. फोनवर ती एवढंच म्हणाली, की मी येते.

शस्त्रक्रियेआधी सर्जनने सगळ्यांना बसवून समजावून सांगितलं. चिमण, त्याची बायको आणि ताई, तिघं टेबलापलीकडे ओळीने बसले होते. सर्जनने विचारलं, घरात आणखी कोणाला आतड्याचं काही निघालंय का, कॅन्सर किंवा गाठोळी. चिमणने वडिलांचं सांगितलं. मग अंगठ्याने ताईकडे दाखवून म्हणाला, "हिला काही नाही. ही तर याच विषयातली आहे, हिने कधीच बघून घेतलं असेल." सर्जनने ताईकडे बघून मान डोलावली आणि पुढचं बोलायला लागला.

ताईला तोंड उघडायला भरपूर वेळ मिळाला होता. तिने समोरच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या आतड्याकडे बघत तो जाऊ दिला. आता सांगितलं तर शस्त्रक्रियेच्या तोंडावर तो कोसळेल, अशी तिने मनाशी समजूत घातली. ती समजूत तिला स्वतःलाही पटली नव्हती.

दवाखान्याच्या बाहेर आल्यावर भावजय एकाएकी नवऱ्यावर उसळली. एवढा दम लागत होता तर घरात एका माणसाला तरी सांगायचं होतं, ती म्हणाली. ज्याची बहीण हेच शिकलीय तो माणूस वर्षभर गप्प बसतो, याला काय म्हणायचं. चिमण खाली मान घालून ऐकत होता. "चुकलं माझं," तो म्हणाला. ताई दोन पावलांवर उभी होती.

शस्त्रक्रिया नीट झाली. गाठ काढली, पण जवळच्या काही ग्रंथींत रोग पोचलेला निघाला, म्हणजे पुढे औषधांच्या फेऱ्या आल्या. त्या सुरू व्हायला थोडा अवकाश होता. चिमण घरी बसून कंटाळला. बायकोच्या दुकानात जाऊन बसे, तर गिऱ्हाइकांना पँटी आखूड करायच्या ऐवजी उंच व्हायचा सल्ला देई. शेवटी भावजयीनेच ताईला फोन करून सांगितलं, यांना जरा कुठेतरी घेऊन जा.

चिमण म्हणाला, माझ्या पोटात वाढलेलं ते जनावर मला दाखव.

ताईने त्याला प्रयोगशाळेत नेलं. दुपारची वेळ होती, तिचे विद्यार्थी जेवायला गेले होते. पांढरा कोट त्याला पोटाशी लागेना. पेशी ठेवायच्या उबदार कपाटातून तिने एक चपटी बाटली काढली, मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि त्याला स्टुलावर बसवलं. तो बराच वेळ बघत राहिला. त्याला वाटलं होतं काहीतरी काळं, ओंगळ दिसेल. दिसत होत्या त्या फरसबंदीसारख्या एकमेकींना चिकटून बसलेल्या लहान लहान पेशी, स्वच्छ, काचेसारख्या.

"या कोणाच्या?" त्याने विचारलं.

एका माणसाच्या, ताईने सांगितलं. तो जाऊन कित्येक वर्षं झाली, पण त्याच्या गाठीतल्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतायत. नाव कोणाला माहीत नाही.

"त्याला विचारलं होतं का?"

"बहुतेक नाही."

चिमण पुन्हा भिंगाला डोळा लावून बसला. यांना बिघडलं काय, ते नीट सांग, म्हणाला, मी काही परीक्षा देणार नाही. ताईने सांगितलं. पेशीच्या अंगावर बाहेरचे निरोप घ्यायच्या जागा असतात. वाढ, असा निरोप आला की आत एक प्रथिन साठतं, पेशीच्या केंद्रात शिरतं आणि तिथली ठरावीक जनुकं चालू करतं. मग एका पेशीच्या दोन होतात. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं ते यामुळेच. निरोप नसतो तेव्हा आतली तीनचार प्रथिनांची एक टोळी त्या प्रथिनाला पकडून मोडून टाकत असते, सतत, त्यामुळे ते केंद्रापर्यंत पोचतच नाही. या पेशींमध्ये टोळीतला मुख्य गडीच बाद झालाय. मग ते प्रथिन साठत जातं, केंद्रात जाऊन बसतं आणि कोणी काही न सांगता तीच जनुकं चालू राहतात. पेशीला वाटतं, निरोप येतोच आहे.

"म्हणजे बटण कोणी दाबलेलं नाही आणि लिफ्ट वर चाललीय," चिमण म्हणाला.

"तसंच."

"आमच्याकडे अशा वेळी आधी मेन स्विच पाडतात."

तो पाडता येतो, ताई म्हणाली, पण चांगल्या आतड्यालाही तोच स्विच लागतो. तो पाडला की रोगाबरोबर आतडंही जातं. म्हणून तर आम्ही त्या स्विचच्या पुढे बघतो, चालू झालेल्या जनुकांतलं एखादं असं सापडतं का, की जे फक्त रोगालाच लागतं.

चिमणला हे काम आवडलं. इतकी वर्षं ताई काय करते ते आपण कधी विचारलंच नाही, असं तो म्हणाला. आणि मग, बाटली हातात धरून उजेडाकडे करून बघत, त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "पण हे सुरू झाल्यापासून माझ्या गाठीएवढं व्हायला किती दिवस लागतात?"

"वर्षं लागतात. आठ, दहा, कधी जास्त."

"तोवर काय असतं?"

"एक लहानसं गाठोळं असतं. आतड्यात. कळत नाही, दुखत नाही. पण नळी घातली तर दिसतं, आणि दिसलं की तिथेच कापता येतं."

"मग संपलं?"

"मग बहुतेक संपलं."

चिमणने बाटली जपून खाली ठेवली. "म्हणजे तीनचार वर्षांपूर्वी कोणी मला धरून नेलं असतं," तो म्हणाला, "तर मी घरी जाऊन जेवलो असतो." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. बिघाड कुठे सुरू झाला ते शोधत मागे मागे जायची त्याची रोजची सवय होती, तसाच तो इथेही गेला होता.

ताईने दुसरं स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसली.

"मला तसं निघालं होतं, चिमण. गाठोळं. तीन वर्षांपूर्वी. कापलं ते. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की भावाला सांगा, याच वर्षी तपासून घ्यायला सांगा. मी सांगितलं नाही."

चिमण तिच्याकडे बघत राहिला. त्याला कळलं नाही असं नव्हतं, पण कळलेलं खरं आहे का, ते तो तिच्या चेहऱ्यावर तपासत असावा.

"का?" त्याने विचारलं.

ताईने सगळं सांगितलं. कपाटातल्या गृहस्थांचा फोन, रविवार, परीक्षकांचे शेरे, आणि लाज. काही लपवलं नाही. तो तुकडा मागितला होता तेही सांगितलं. सर्जनच्या खोलीत गप्प बसली होती तेही. सांगताना तिच्या लक्षात आलं की यातलं एकही कारण मोठं नव्हतं. मोठं कारण असतं तर सांगायला सोपं गेलं असतं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये विद्यार्थी परत आल्याचा आवाज आला. चिमणने कोट काढायला घेतला. बटणं लागलीच नव्हती, तरी तो ती शोधत होता.

"तुझं निघालं तेव्हा घाबरली होतीस?" त्याने विचारलं.

"नाही. गंमत वाटली होती."

"हं," तो म्हणाला. दारापर्यंत गेल्यावर थांबून म्हणाला, "घरी बायकोला मी सांगणार नाही. तू सांग. मी सांगितलं तर मी तुझी बाजू घेईन, आणि मला आत्ता ती घ्यायची नाहीये."

ताईने त्याला घरी सोडलं. वाटेत तो खिडकीबाहेर बघत बसला होता. इतक्या वर्षांत त्याच्याबरोबर गाडीत बसून गप्पा झाल्या नाहीत असं पहिल्यांदाच घडलं.

भावजयीला सांगायला ती दुसऱ्या दिवशी दुकानात गेली. दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली की भरणारी जागा. एका बाजूला मशीन, वरच्या दांडीवर लोकांचे कोट आणि झगे चिठ्ठ्या टोचून टांगलेले. भावजय एका पडद्याची दुमड शिवत होती. ताई बोलायला लागली तेव्हा तिने मशीन थांबवलं नाही. मध्येच कधीतरी पाय थांबला. ताईचं बोलून संपलं तरी तिची बोटं पडद्यावर तशीच दाबलेली होती.

"तुकडा मागायचं सुचलं तुम्हाला?" तिने विचारलं.

ताईने होकारार्थी मान हलवली.

"मी त्यांना दवाखान्याच्या दारात बोलले. चारचौघांत. तुम्ही तिथे होतात."

"होते."

भावजयीने मशीनमधून पडदा काढला, सुई वर केली, दोरा तोडला. ती रडेल किंवा ओरडेल असं ताईला वाटलं होतं, आणि त्याची तिने रात्रभर तयारीही केली होती. भावजय यातलं काही न करता म्हणाली, "मुलीचं काय?"

"तिचीही तपासणी करायला हवी. लवकर. डॉक्टरांना माझं सांगितलं की ते लगेच बोलावतील."

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही बोलला असतात तर तेव्हाच बोलावलं असतं."

"हो."

"मग आज सांगा. माझ्यासमोर फोन करा."

ताईने तिथेच, टांगलेल्या कोटांच्या मधे उभं राहून फोन केला. सर्जनच्या खोलीतून आधी कोणीतरी दुसरंच बोललं, मग थांबायला सांगितलं, मग स्वतः सर्जन आले. ताईने स्वतःचं सांगितलं. हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं, ते म्हणाले. सौम्य आवाजात म्हणाले, पण भावजय इतकी जवळ उभी होती की तिलाही ऐकू आलं. फोन ठेवल्यावर ती पुन्हा मशीनवर बसली. आता जा, असं ती म्हणाली नाही. पण दुसरा पडदा घेतला आणि पाय चालू केला, तेव्हा ताई निघाली.

भाचीच्या तपासणीत दोन लहान गाठोळी निघाली. काढून टाकली. चिमणचं आणि तिचं रक्त जनुकांच्या तपासणीला गेलं. ज्ञात असलेल्या जनुकांपैकी कशातच दोष सापडला नाही. म्हणजे काहीतरी आहे, पण ते काय ते अजून कोणाला माहीत नाही, असं ताईने भाचीला समजावलं. भाची म्हणाली, आत्या, तूच शोध मग. तिला सगळं कळलं होतं, आणि तिने आत्याशी बोलणं सोडलं नव्हतं. ताईला हे कधीकधी भावजयीच्या गप्प राहण्यापेक्षा जड जाई.

चिमणच्या औषधांच्या फेऱ्या झाल्या. ताई प्रत्येक फेरीला त्याला घेऊन जाई, कारण भावजयीला दुकान बंद ठेवता येत नव्हतं. भावजय दारात त्याची पिशवी ताईच्या हातात देई, पाण्याची बाटली, शाल, उलटी झाली तर डबा, आणि काय कुठे ठेवलंय ते सांगे. त्यापलीकडे एक शब्द नाही. चिमण मात्र हळूहळू पूर्वीसारखा बोलायला लागला. एकदा खुर्चीत सलाइन लावून पडला असताना त्याने स्वतःहून विषय काढला. तो म्हणाला, मी खूप विचार केला, समजा तू सांगितलं असतंस, तर मी गेलो असतो का. दहा वेळा हो म्हणून पाहिलं, दहा वेळा नाही. काही ठरत नाही.

"गेला असतास," ताई म्हणाली. "मी ओढत नेलं असतं."

"ते खरं," चिमण म्हणाला आणि डोळे मिटले.

त्याने माफ केलं का, ते ताईने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने हो म्हटलं असतं, आणि त्या हो वर तिचा विश्वास बसला नसता.

रोग गेला. निदान पुढच्या तपासण्यांत कुठे दिसला नाही. पण औषधाने बोटांच्या टोकांची जाणीव नेली ती परत आली नाही. बारीक स्क्रू चिमणच्या चिमटीत कळेना. वायरीचं टोक टोचलं तरी रक्त दिसेपर्यंत पत्ता लागेना. लिफ्टवर असं काम करता येत नाही. कंपनीने त्याला ऑफिसात बसवलं, बिघाडाचे फोन घ्यायला. तो तिथेही लोकप्रिय झाला, अडकलेल्या माणसांना गोष्टी सांगून शांत ठेवायचा. पण घरी शर्टाची बटणं बायको लावून द्यायची, आणि ती लावताना ताई समोर असली की भावजयीची बोटं मुद्दाम सावकाश चालत आहेत असं ताईला वाटे. कदाचित तसं नसेलही.

ताईने काम सोडलं नाही. त्या चालू राहिलेल्या जनुकांपैकी एक दाबलं तर रोगाच्या पेशी मरतात आणि आतड्याच्या चांगल्या पेशी तगतात, असं तिच्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेतल्या बशीत दिसलं. बशीत दिसणं आणि माणसात दिसणं यात किती अंतर असतं ते तिला माहीत होतं, तरी ती गोष्ट छापून आली. निबंधाच्या शेवटच्या आभारांत चिमणचं नाव घालायचं तिच्या मनात होतं. तो म्हणाला, नको, उगाच मी मेल्यासारखं वाटतं.

एक गोष्ट मात्र ताईने कोणाला सांगितली नव्हती. तिला डॉक्टरीणबाईंनी तीन वर्षांनी पुन्हा बोलावलं होतं. ती वेळ नेमकी चिमणच्या आजारात आली आणि गेली. नंतरही ती गेली नाही. वेळ नाही, हे कारण नव्हतं. तिथे जाऊन, पुन्हा त्याच पलंगावर आडवं होऊन, सगळं ठीक आहे असं ऐकून उठायचं, हे तिला जमणार नव्हतं. भावाने मुठीएवढी गाठ वाढवली आणि आपण दुसऱ्यांदा सुटायचं. त्यापेक्षा जे असेल ते असू दे, असं तिला वाटे, आणि असं वाटण्यात एक विचित्र समाधानही होतं.

भाचीने एकदा सहज विचारलं, आत्या, तुझी पुढची कधी? ताईने बोलणं दुसरीकडे नेलं. भाचीने घरी जाऊन आईला सांगितलं.

दोन दिवसांनी भावजय संस्थेच्या दारात उभी होती. इतक्या वर्षांत ती तिथे पहिल्यांदा आली होती. रखवालदाराने वर फोन केला तेव्हा ताईला वाटलं चिमणला काही झालं. ती जिने उतरून धावत खाली आली.

"त्यांना काही झालेलं नाही," भावजय म्हणाली. "तुमची तपासणी राहिलीय म्हणे."

ताई म्हणाली, करते, बघते, पुढच्या महिन्यात.

"मी वेळ घेतलीय. परवा सकाळी. आदल्या दिवशी काय प्यायचं असतं ते मला पाठ आहे, घरात दोघांचं केलंय मी. उद्या संध्याकाळी घेऊन येते."

"तू कशाला. तुझं दुकान."

"दुकान बंद ठेवीन." येणारेजाणारे त्यांना वळसा घालून जात होते. मग भावजय म्हणाली, "मी तुम्हाला माफ केलेलं नाही, ताई. करेन की नाही माहीत नाही. पण तुम्हाला काही झालं तर ते पुन्हा त्यांनाच सोसावं लागेल. एवढी शिक्षा तुम्ही त्यांना द्यायची नाही."

ताईला हे सुचलंच नव्हतं. आपण स्वतःला शिक्षा देतो आहोत, एवढंच तिने पाहिलं होतं. ती भोगणार कोण, हा हिशोब तिने केलाच नव्हता. ती बरं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भावजय पोट साफ करायच्या औषधाचा जग घेऊन आली आणि शेवटचा पेला संपेपर्यंत स्वयंपाकघरात बसून राहिली. सोबत एक झगा आणला होता, कोणाचातरी, त्याला हाताने टिचबटणं लावत बसली. ताई मधेमधे उठून जायची आणि परत यायची. एकदा परत आली तेव्हा भावजयीने न बघताच विचारलं, पोटात कळ येतेय का. ताई म्हणाली, येतेय. यांनाही यायची, भावजय म्हणाली, गरम पाण्याची पिशवी आहे का घरात. ताईने कपाट दाखवलं.